पाणबुड्याचें गणकयंत्र : तें कोठें बांधावें?

दिवाळीची सुटी लागली कीं कोल्हापुरांतील पुष्कळ कुटुंबें घाट उतरून कोंकणांत जातात. राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली असें करीत सुमारें दीडशे किलोमीटरांचा प्रवास झाला म्हणजे मालवण येतें. पूर्वीं तेथें जाऊन सिंधुदुर्ग पाहावा, समुद्रस्नान करावें, सोलकढीसह जेवावें आणि परतावें, एवढाच बेत असे. अलीकडे त्यांत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. पाठीवर हवेची टांकी बांधून पाण्याखालीं उतरावें आणि प्रवाळ व रंगीत मासे डोळ्यांनीं पाहावे, हा छंद आतां घरोघरच्या तरुण मंडळींस परिचित झाला आहे. त्यास स्कूबा म्हणतात. तारकर्ली येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ही विद्या शिकविणारी संस्थाही आहे.

या छंदाच्या साधनांत सर्वांत लहान साधन म्हणजे मनगटी घड्याळाएवढें किंवा त्याहून थोडें मोठें असें एक गणकयंत्र. इंग्रजी बोलणारे त्यास डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. तें डाव्या हातावर बांधावें कीं उजव्या, मनगटावर बांधावें कीं नळीच्या टोंकास अडकवावें, याविषयीं पाणबुडे मंडळींत पुष्कळ वाद चालतो. बाहेरच्या माणसास हा वाद घड्याळ कोणत्या हातांत घालावें या वादाइतकाच निरर्थक वाटेल. परंतु तें यंत्र काय मोजतें हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे त्याच्या जागेचा प्रश्न शरीराच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे हें सहज पटतें.

समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब माणसाच्या अंगावर असतो, तेवढाच दाब समुद्राच्या पाण्यांत दर दहा मीटरांस आणखी वाढतो. म्हणजे दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट, वीस मीटरांवर तिप्पट व तीस मीटरांवर चौपट होतो. पाणबुड्याच्या तोंडांतील रेग्युलेटर त्याला सभोंवारच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पुरवितो. तसें नसतें तर त्याला छाती फुगवितांच आली नसती. या हवेंत सुमारें चार-पंचमांश भाग नायट्रोजन असतो. हा वायु शरीराच्या कांहीं उपयोगी पडत नाहीं, परंतु वाढलेल्या दाबामुळें तो रक्तांत व तेथून स्नायु, चरबी, सांधे यांत विरघळत जातो. पाणबुडा जितका खोल जाईल व जितका अधिक वेळ तेथें राहील, तितका हा सांठा वाढत जातो.

पाणबुडा वर येऊं लागला कीं हा सांठा परत बाहेर पडूं लागतो. सोडावॉटरची बाटली हळूच सैल केली तर वायु निमूटपणें निघून जातो. एकदम उघडली तर सारें पाणी फसफसतें. शरीराचेंही तसेंच आहे. माणूस सावकाश वर आला तर नायट्रोजन फुप्फुसांवाटे बाहेर जातो. घाईनें वर आला तर त्याचे बुडबुडे रक्तांत व सांध्यांत तयार होतात. मग सांधे दुखतात, हातापायांस मुंग्या येतात, आणि मज्जारज्जूस इजा झाली तर पाय लुळे पडूं शकतात. अशा रोग्यास शुद्ध प्राणवायु द्यावा लागतो व हवेचा दाब वाढवितां येईल अशा बंद दालनांत ठेवून त्यावर उपचार करावे लागतात. असें दालन प्रत्येक गांवीं नसतें. म्हणून दुखणें टाळणें हाच खरा उपाय.

या दुखण्याचें मूळ नायट्रोजनच्या बुडबुड्यांत आहे हें फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनीं १८७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखवून दिलें. त्यावर व्यवहारी तोड जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं काढली. त्यांनीं बॉयकॉट व डॅमंट या सहकाऱ्यांसह बकऱ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ सालीं वर येण्याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. शरीराचे कांहीं भाग नायट्रोजन लवकर घेतात व लवकर सोडतात, कांहीं भाग सावकाश घेतात व सावकाश सोडतात, हें त्यांनीं ओळखलें; आणि हिशेबासाठीं शरीराचे पांच काल्पनिक विभाग मानले. त्यांतील सर्वांत चपळ विभाग पांच मिनिटांत अर्धा भरे, तर सर्वांत मंद विभागास त्यासाठीं पंचाहत्तर मिनिटें लागत. पुढें भारताचे नागरिक होऊन १९६४ सालीं भुवनेश्वर येथें निवर्तलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन हे याच हॉल्डेन यांचे चिरंजीव.

कोष्टकांचा उपयोग मोठा, परंतु त्यांत एक अडचण होती. कोष्टक असें गृहीत धरतें कीं पाणबुडा सारा वेळ सर्वांत खोल जागींच होता. एका प्रसिद्ध कोष्टकांत अठरा मीटरांसाठीं ५६ मिनिटांची व तीस मीटरांसाठीं २० मिनिटांची मर्यादा दिलेली आहे. परंतु समुद्राचा तळ हा कांहीं सपाट अंगण नव्हे. माणूस खडकाच्या कडेनें वरखालीं होत फिरतो. त्याच्या खऱ्या वाटचालीचा क्षणाक्षणाचा हिशेब कागदावर ठेवणें अशक्य होतें. ही उणीव गणकयंत्रानें भरून काढली. झुरिकचे अल्बर्ट ब्यूलमान यांनीं शरीराचे सोळा विभाग कल्पून जी गणितपद्धति बसविली, तींत सर्वांत मंद विभागाचा अर्धकाल ६३५ मिनिटांचा धरलेला आहे. आजचीं कितीएक यंत्रें तिच्याच आधारें चालतात. १९८३ सालीं एज नांवाचें अमेरिकन यंत्र बाजारांत आलें आणि तेव्हांपासून हीं यंत्रें सामान्य पाणबुड्याच्या हातीं येऊं लागलीं.

या यंत्राची तुलना पेढीवरच्या मुनिमाशीं करतां येईल. शाहूपुरींतील गुळाच्या अडतीवर ज्याप्रमाणें प्रत्येक शेतकऱ्याच्या नांवें खतावणींत निराळें पान असतें आणि आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद त्या त्या पानावर होते, त्याप्रमाणें हें यंत्र सोळा पानांवर नायट्रोजनचा जमाखर्च मांडीत असतें. मात्र मुनीम माल डोळ्यांनीं पाहतो. हें यंत्र पाणबुड्याचें रक्त पाहत नाहीं, नाडीही पाहत नाहीं. त्याला फक्त दोन गोष्टी कळतात : तें स्वतः जेथें आहे तेथील दाब, आणि गेलेला वेळ. त्याच्या लेखीं तें जेथें आहे तेथेंच पाणबुडा आहे. जागेचा सारा प्रश्न या एका गोष्टींतून निघतो.

यावरून पहिला नियम असा ठरतो कीं यंत्र एकाच माणसाचें असावें आणि दिवसभर त्याच्याजवळच राहावें. सकाळच्या बुडींत सांठलेला नायट्रोजन दुपारपर्यंत सारा निघून जात नाहीं. दुसऱ्या बुडीचा हिशेब त्या शिलकेपासून सुरू व्हावा लागतो. सकाळीं एका भावानें व दुपारीं दुसऱ्यानें तेंच यंत्र वापरलें, तर दुसऱ्याच्या खात्यावर पहिल्याची शिल्लक चढते. त्यांत धोका कमी. परंतु पहिला भाऊ दुपारीं दुसरें कोरें यंत्र घेऊन उतरला, तर त्याची सकाळची सारी शिल्लक हिशेबांतून गळते व यंत्र त्याला खोटा धीर देतें. एका यंत्रावर दोघांनीं बरोबर उतरावें हेंही योग्य नाहीं, कारण दोघे एकाच खोलीवर क्वचितच असतात.

दुसरा नियम असा कीं यंत्र शक्यतों छातीच्या पातळीवर असावें, आणि तिसरा असा कीं वर येतांना तें दुसऱ्या हाताची मदत न घेतां दिसावें. पाणबुड्याच्या साऱ्या प्रवासांत वर येण्याचीं मिनिटें सर्वांत नाजूक असतात. मिनिटास सुमारें नऊ मीटरांहून अधिक वेगानें वर येऊं नये, आणि पांच मीटरांवर तीन मिनिटें थांबावें, असें शिकविलें जातें. हा वेग नुसत्या अंदाजानें साधत नाहीं; त्यासाठीं नजर वारंवार यंत्राकडे जावी लागते. प्रत्येक जागेची परीक्षा या तीन नियमांवर करावी हें उत्तम.

यंत्र नळीच्या टोंकास, टांकींतील हवेचा दाब दाखविणाऱ्या मापकाच्या शेजारीं बसविण्याची रीत जुनी आहे. भाड्यानें मिळणाऱ्या साहित्यांत ती अद्यापि आढळते. तिचे फायदे खरे आहेत. सारीं मापकें एके ठिकाणीं राहतात, यंत्र किनाऱ्यावर विसरत नाहीं, आणि चाळिशी लागलेल्या माणसास तें हवें तितकें दूर धरून वाचतां येतें. पाण्यांत मुखवट्याच्या कांचेंतून वस्तु सुमारें एक-तृतीयांश मोठी व एक-चतुर्थांश जवळ दिसते, त्यामुळें जवळचें वाचण्याची अडचण असलेल्यांस ही सोय मोलाची वाटते. परंतु तोटे अधिक. नळी मोकळी सोडली तर ती अंगाखालीं लोंबते. यंत्रास मग खरीहून अर्धा-पाऊण मीटर अधिक खोली दिसते. ही चूक सुरक्षिततेच्या बाजूची असली तरी लोंबणारें टोंक प्रवाळांस घासतें व खडकांत अडकतें. वर येतांना एक हात जाकिटांतील हवा सोडण्यांत गुंतलेला असतो. दुसऱ्या हातानें नळी शोधून धरावी लागली तर दोरी अथवा सोबत्याचा हात धरण्यास एकही हात उरत नाहीं. शिवाय जाकीट व नळी भाड्याची असल्यास संध्याकाळीं ती खतावणी दुकानांत राहते आणि तिचा धनी घरीं जातो.

जाकिटाच्या छातीवरील कडींत यंत्र अडकविलें तर खोली अचूक मोजली जाते. परंतु तें पाहण्यासाठीं हातानें उचलावेंच लागतें. अलीकडे मुखवट्याच्या आंतच आंकडे दिसतील अशीं यंत्रेंही निघालीं आहेत. नजर हलवावी लागत नाहीं हा त्यांचा गुण. मात्र तीं महाग असतात, आणि मुखवटा निसटला कीं हिशेबही डोळ्यांआड होतो.

उरलें मनगट. तें छातीपासून फार दूर नसतें, डोळ्यांपुढें सहज येतें, आणि तेथें बांधलेलें यंत्र एका बुडीहून दुसऱ्या बुडीस आपल्या मालकाबरोबर जातें. अपघात झालाच तर रोग्याबरोबर तें रुग्णालयांत पोंचतें व तो किती खोल, किती वेळ होता आणि किती वेगानें वर आला, हें डॉक्टरांस सांगतें. बेशुद्ध माणसास हें स्वतः सांगतां येत नाहीं. या कारणांनीं मनगटाची जागा बहुतेकांस श्रेयस्कर ठरते.

परंतु मनगटाचाही एक दोष जाणून असावें. हात डोक्यावर उंच केला म्हणजे यंत्र छातीच्या वर अर्ध्या मीटराहून अधिक जातें, आणि तेवढी कमी खोली तें नोंदवितें. क्षणभर असें झालें तर बिघडत नाहीं. पांच मीटरांवरच्या थांब्याचीं तीनही मिनिटें हात वर धरून लोंबकळत राहिलें, तर मात्र यंत्राचा थांबा व शरीराचा थांबा एक राहत नाहीं. तसेंच हात झटकन् वर नेला कीं माणूस वेगानें वर जात आहे असें समजून यंत्र ओरडतें. अशा खोट्या हांकांची संवय झाली म्हणजे खरी हांकही कानांआड होते. म्हणून वर येतांना यंत्राचा हात छातीपुढें दुमडलेला असावा.

डावें मनगट कीं उजवें, या प्रश्नाचें उत्तर जाकिटाच्या नळींत आहे. जाकिटांत हवा भरण्याची व सोडण्याची नळी बहुधा डाव्या खांद्यावरून पुढें येते व डाव्या हातांत राहते. तो हात छातीपुढें असतांना त्याच मनगटावरील आंकडे आपोआप नजरेखालीं येतात, आणि उजवा हात मोकळा राहतो. हें डाव्या मनगटाच्या बाजूचें कारण. उलट, हवा सोडण्यासाठीं हीच नळी डाव्या हातानें वर धरावी लागते, तेव्हां यंत्रही वर जातें; म्हणून कांहीं अनुभवी पाणबुडे तें उजव्या मनगटावर बांधतात. दोन्ही पक्षांस आधार आहे. नवशिक्यानें ज्या हातावर यंत्र सहज दिसतें तो निवडावा आणि मग तो बदलूं नये. अडचणीच्या वेळीं डोळे संवयीच्या जागींच जातात. होकायंत्र असल्यास तें दुसऱ्या मनगटावर बांधावें, म्हणजे यंत्रांतील धातूमुळें सुई चळणार नाहीं. टांकीवरील प्रेषकाकडून हवेचा दाब बिनतारी कळविणारें यंत्र असेल तर तें प्रेषकापासून फार दूर नसावें, कारण पाण्यांत अशा लहरी एक-दीड मीटराच्या पलीकडे क्षीण होतात. आपलें यंत्र कोणत्या हातावर आहे हें उतरण्यापूर्वींच सोबत्यास सांगून ठेवावें, आणि दोघांच्या यंत्रांत फरक पडल्यास जें अधिक सावध असेल त्याचें ऐकावें.

बांधण्याच्या रीतीसही महत्त्व आहे. पाणबुड्याचा रबरी पोशाख सूक्ष्म वायुकोशांनीं भरलेला असतो. खोलीवर दाबानें तो पातळ होतो, आणि किनाऱ्यावर घट्ट वाटणारा पट्टा पाण्याखालीं सैल होऊन यंत्र मनगटाभोंवतीं फिरूं लागतें. यासाठीं ताणला जाणारा पट्टा किंवा दुहेरी रबरी दोरी चांगली. एक तुटली तरी दुसरी राहते. यंत्र पोशाखावर बांधावें, बाहीखालीं झांकूं नये.

आतां मालवणच्या पाहुण्यांचा विचार करावा. पहिल्यांदाच उतरणाऱ्या पाहुण्यास थोड्याच खोलीवर, थोडा वेळ, वाटाड्याच्या हातीं धरून नेतात. त्याच्या शरीरांत सांठणारा नायट्रोजन थोडा असतो, आणि त्याच्या मनगटावर यंत्र नसलें तरी वाटाड्याच्या मनगटावरचें यंत्र त्या बुडीचें मोजमाप करितें. पाहुणा एकदां उतरतो. त्याला नेणारा तरुण मात्र त्याच दिवशीं दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पाहुण्यास घेऊन पुनःपुन्हां खालींवर करितो. सर्वांत मोठी शिल्लक त्याच्या खात्यावर जमते. म्हणून त्याच्या हातावर त्याचें स्वतःचें यंत्र आहे कीं नाहीं, आणि तें तो सारा दिवस वापरतो कीं नाहीं, हें विचारण्यांत पाहुण्यास संकोच वाटूं नये. ज्याच्या हातीं आपलें मूल सोंपवावयाचें, तो स्वतः सुरक्षित असावा हें पाहणें सौजन्याचेंच आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर, कान्होजी आंग्रे यांचें नांव धारण करणारें आंग्रिया बँक हें बुडालेलें प्रवाळपठार आहे. त्याचा माथाच सुमारें वीस मीटर खोल आहे. अशा जागीं तर प्रत्येकाच्या अंगावर निराळें यंत्र असल्यावांचून उतरणेंच अनुचित.

कोल्हापूरकरांसाठीं एक विशेष गोष्ट सांगावयाची राहिली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारें ५७० मीटर उंच आहे, आणि तेथील हवेचा दाब किनाऱ्यापेक्षां सहा-सात टक्क्यांनीं कमी असतो. म्हणजे पाण्यांतून वर आलेला माणूस घाट चढतो तेव्हां त्याचें वर येणें एका अर्थानें चालूच असतें. विमानप्रवासाविषयीं जी मार्गदर्शक तत्त्वें मान्य झालेलीं आहेत, तीं सुमारें ६०० मीटरांहून अधिक उंचीइतका कमी झालेला दाब धोक्याचा मानतात. एका साध्या बुडीनंतर १२ तास व अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबण्यास सांगतात. कोल्हापूर या रेषेच्या किंचित् खालीं, तर सावंतवाडीहून परततांना लागणारी आंबोली सुमारें ६९० मीटर उंचीवर म्हणजे रेषेच्या वर आहे. एकदांच, उथळ पाण्यांत उतरलेल्या पाहुण्यास यांत भय थोडें. परंतु ज्यानें दिवसांत दोन-तीन खोल बुड्या घेतल्या, त्यानें त्याच संध्याकाळीं घाट चढूं नये. एक रात्र किनाऱ्यावर काढावी. यंत्र मनगटावर असेल तर उंचावर जाण्यास किती तास अवकाश आहे हें तें स्वतःच दाखवितें. तेंच यंत्र नळीबरोबर मालवणास राहिलें असेल, तर हें सांगणारें कोणी उरत नाहीं.

हाच नियम उलट दिशेनेंही लागू आहे. राधानगरीसारख्या उंचावरच्या जलाशयांत उतरावयाचें असल्यास समुद्रासाठींचीं कोष्टकें जशींच्या तशीं चालत नाहींत. यंत्र पाण्यांत शिरण्यापूर्वीं कांठावरच चालू करावें, म्हणजे तें तेथील हवेचा दाब ओळखून मग हिशेबास लागतें; कांहीं यंत्रांस उंची हातानें सांगावी लागते.

सारांश, यंत्र ज्याचें त्याच्याच अंगावर, पोशाखावरून, मनगटास घट्ट बांधलेलें असावें. वर येतांना तो हात छातीपुढें असावा. आणि बुडी संपल्यावरही घाट चढण्याची वेळ ठरेपर्यंत तें उतरवूं नये. होडींतून उतरतांना टांकी, जाकीट, नळ्या परत द्यावयाच्या असतात, मुलें भुकेलेलीं असतात आणि गाडीवाला घाई करीत असतो. अशा वेळीं मनगटाकडे एकदां पाहून मगच परतीचा बेत ठरवावा.